सुडोकूत सुरुवातीला किमान किती अंक द्यावे लागतात? ४×४ पासून २५×२५ पर्यंत

नाशिकरोडच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या ताई मुलांच्या दिवाळी अंकासाठी सुडोकूची पानं करताहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "९×९ च्या सुडोकूला किमान १७ अंक लागतात असं वाचलं. मग ४×४, ६×६ आणि १६×१६ ला किती? काही सूत्र आहे का? माझे सासरे प्रेसमधून निवृत्त झालेत, पेपरातलं कोडं रोज सोडवतात. ते म्हणतात, अंक जितके कमी तितकं कोडं अवघड. हे खरं का?"

ताई, सूत्र नाही. ४×४ ला ४, ६×६ ला ८, ८×८ ला १४ आणि ९×९ ला १७ हे आकडे पक्के आहेत. त्याहून कमी अंकांत एकच उत्तर असलेलं कोडं होतच नाही. यात ६×६ चे आतले चौकोन (ज्यांत प्रत्येक अंक एकदाच येतो) २×३ चे आणि ८×८ चे २×४ चे धरलेत. पुढच्या आकारांचे जे आकडे तुम्हाला वाचायला मिळतील ते वेगळ्या जातीचे आहेत. 'इतक्या अंकांचं एक कोडं कुणीतरी करून दाखवलंय' एवढाच त्यांचा अर्थ. १०×१० साठी २२, ३×४ च्या चौकोनांच्या १२×१२ साठी ३०, १६×१६ साठी ५५, २५×२५ साठी १५१ असे नमुने प्रसिद्ध आहेत. १६×१६ चं ५४ अंकांचं कोडं अशक्य आहे असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. हे दोन प्रकारचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले जातात आणि त्यातूनच सूत्र शोधायचा मोह होतो. सासऱ्यांच्या म्हणण्याकडे नंतर येतो.

सुरुवातीला छापलेल्या अंकांना आम्ही कोडी करणारे 'क्लू' म्हणतो, पुढे तोच शब्द वापरतो.

आधी ४×४ घेऊ, कारण हा एकच आकार असा आहे की ज्याचा पुरावा पाचवीतल्या मुलालाही फळ्यावर दाखवता येतो. माझ्या शनिवारच्या वर्गात मी नेहमी इथूनच सुरू करतो. हे कोडं बघा, चारच क्लू आहेत:

१ २ . .
. . . .
. . १ .
३ . . .

पहिल्या ओळीत १ आणि २ डाव्या चौकोनात बसलेत, म्हणून दुसऱ्या ओळीतले १ आणि २ उजव्या चौकोनात जाणार. तिसऱ्या रकान्यात खाली १ आहे, तेव्हा दुसऱ्या ओळीत तिसऱ्या घरात २ आणि चौथ्यात १. आता १ साठी चौथी ओळ आणि दुसरा रकाना एवढंच उरलं, तिथे १ लिहा. खालच्या डाव्या चौकोनात २ आणि ४ राहिले. दुसऱ्या रकान्यात २ आधीच आहे, म्हणून तिसऱ्या ओळीची सुरुवात २ ४ अशी. बाकीचं आपोआप पडतं:

१ २ ३ ४
४ ३ २ १
२ ४ १ ३
३ १ ४ २

कुठेही अंदाज करावा लागला नाही, म्हणजे उत्तर एकच आहे. गंमत म्हणजे क्लूंमध्ये ४ हा अंक एकदाही नाही. त्याने बिघडत नाही. मात्र दोन अंक पूर्ण गायब असतील तर ते दोघे सगळीकडे आपापल्या जागा बदलून घेतील आणि दुसरं उत्तर तयार होईल. म्हणून कोणत्याही आकारात एकूण अंकांपेक्षा एक कमी इतके वेगवेगळे अंक क्लूंमध्ये दिसलेच पाहिजेत. ४×४ ला ३, ९×९ ला ८. ही सगळ्यात सोपी खालची मर्यादा. ती खऱ्या किमान संख्येच्या बरीच खाली असते, पण स्वतः कोडी करायला लागलात की वेळ वाचवते.

मग ४×४ ला तीन क्लू का पुरत नाहीत? वरच्या उत्तरात पहिली आणि दुसरी ओळ बघा. पहिल्या रकान्यात वर १ खाली ४, चौथ्या रकान्यात वर ४ खाली १. ही चार घरं मिळून १ ४ / ४ १ असा आयत होतो. तो उलटा करून ४ १ / १ ४ लिहिला तर? ओळींना फरक पडत नाही, रकान्यांना पडत नाही, आणि दोन्ही रकाने वेगवेगळ्या चौकोनांत असल्याने चौकोनांतही अंक तेच राहतात. म्हणजे या चार घरांपैकी एकात तरी क्लू हवाच, नाहीतर सोडवणाऱ्याला दोन उत्तरं मिळतील. तसाच दुसरा आयत मधल्या दोन रकान्यांत: २ ३ / ३ २. खालच्या दोन ओळींतही तसेच दोन: कडेच्या रकान्यांत २ ३ / ३ २, मधल्या रकान्यांत ४ १ / १ ४. सोळा घरं चार आयतांत वाटली गेली, एकही घर दोन आयतांत नाही. प्रत्येक आयताला किमान एक क्लू, म्हणून किमान चार. वरच्या कोड्यातले चार क्लू तपासून बघा, प्रत्येक आयतात बरोबर एकेक आहे.

४×४ ची एकूण २८८ पूर्ण ग्रिडं, म्हणजे सगळी घरं भरलेले चौरस, होतात. अंकांची नावं बदलणं, ओळी-रकान्यांची चालणारी अदलाबदल, ग्रिड फिरवणं हे सगळं एकच मानलं तर खऱ्या अर्थाने वेगळी अशी दोनच उरतात. दोघांतही हे चार आयत निघतात, फक्त कधी ते आडव्या पट्ट्यात, म्हणजे चौकोनांच्या आडव्या रांगेत, असतात तर कधी उभ्या. झाला पुरावा. हे पान अंकात जरूर घ्या; 'उत्तर एकच आहे कशावरून?' हा प्रश्न मुलांना एकदा पडला की त्यांची सुडोकूकडे बघायची नजरच बदलते.

अशा अदलाबदल होऊ शकणाऱ्या घरांच्या गटावर या सगळ्या विषयाची मदार आहे. ९×९ मध्ये ते कसं दिसतं? हे १७ क्लूंचं एक जुनं, माहितीतलं कोडं:

. . . . . . . १ .
४ . . . . . . . .
. २ . . . . . . .
. . . . ५ . ४ . ७
. . ८ . . . ३ . .
. . १ . ९ . . . .
३ . . ४ . . २ . .
. ५ . १ . . . . .
. . . ८ . ६ . . .

वरचा मधला चौकोन पूर्ण रिकामा आहे. पहिल्या तीन ओळींत मिळून तीन अंक. बघून छाती दडपते. पण फक्त १ हा अंक धरून चाला. तो तीन ठिकाणी दिलाय: पहिल्या ओळीत आठव्या रकान्यात, सहाव्या ओळीत तिसऱ्या रकान्यात, आठव्या ओळीत चौथ्या रकान्यात. मधल्या पट्ट्यातला उजवा चौकोन घ्या. सहावी ओळ बाद, आठवा रकाना बाद, दोन-तीन घरं भरलेली. १ साठी पाचव्या ओळीचं शेवटचं घर उरतं. तो लिहिला की मधल्या चौकोनातला १ चौथ्या ओळीत सहाव्या रकान्यात पक्का होतो. खालच्या उजव्या चौकोनात तो नवव्या ओळीत सातव्या रकान्यात. मग खालच्या डाव्या चौकोनात सातव्या ओळीत दुसऱ्या रकान्यात, वरच्या डाव्यात तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, आणि त्या रिकाम्या चौकोनातला १ दुसऱ्या ओळीत पाचव्या रकान्यात. नऊच्या नऊ १ बसले, पेन्सिलने बारीक शक्यता लिहायची वेळसुद्धा आली नाही.

आता याच्या उत्तरातल्या दोन ओळी देतो. चौथी: ९३२६५१४८७. पाचवी: ५६८२४७३९१. सहाव्या रकान्यात वर १ खाली ७, नवव्या रकान्यात वर ७ खाली १. पुन्हा तोच आयत. या चार घरांतलं एकच घर क्लू आहे, चौथ्या ओळीच्या टोकाचा ७. तो खोडा, बाकीचे १६ क्लू तसेच ठेवा: चार घरं दोन रीतींनी भरता येतील आणि कोडं मोडेल. याच कारणाने ८१ पैकी ७७ अंक छापूनही सुडोकू चुकीचं असू शकतं. उरलेली चार घरं म्हणजे असा आयत असेल तर ७७ क्लू असूनही उत्तरं दोन.

चार घरांचा आयत हा यातला सगळ्यात लहान गट. सहा, नऊ, दहा, बारा घरांचे गटही असतात, त्यातले काही तीन-तीन अंकांच्या चक्राकार अदलाबदलीचे. एका पूर्ण ९×९ ग्रिडमध्ये असे शेकडो गट एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्या प्रत्येकात किमान एक क्लू पडला पाहिजे. आपल्या नाशिककरांना हे पटकन समजेल: सिंहस्थात पंचवटीतल्या प्रत्येक गल्लीवर पोलिसाची नजर हवी, पण चौकात उभा केलेला एक जण चार गल्ल्या सांभाळतो. कमीत कमी किती माणसांत बंदोबस्त बसेल? गल्ली म्हणजे अदलाबदलीचा गट, माणूस म्हणजे क्लू. ४×४ मधल्या त्या चार गल्ल्या एकमेकींना भेटत नाहीत, म्हणून हिशेब बोटांवर झाला. ९×९ मध्ये त्या इतक्या गुंततात की हाताने कुणी १७ सिद्ध करू शकलेलं नाही.

सिद्ध झालं ते संगणकावर. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले गॅरी मॅग्वायर आणि त्यांचे सहकारी बास्तियान टुगेमान व जिल सिव्हारिओ यांनी १ जानेवारी २०१२ ला जाहीर केलं की १६ क्लूंचं सुडोकू अस्तित्वातच नाही. त्याआधी अनेक वर्षं अंदाज होताच, कारण ऑस्ट्रेलियातले गणितज्ञ गॉर्डन रॉयल १७ क्लूंची कोडी जमवत होते. त्यांचा संग्रह ४९ हजारांवर गेला तरी त्यात १६ चं एकही आलं नाही. वरचं कोडं त्याच संग्रहातलं आहे. एकाच पूर्ण ग्रिडमधून १७ क्लूंची २९ वेगवेगळी कोडी निघतात असंही एक ग्रिड सापडलं होतं. साहजिकच सगळे त्याच्या मागे लागले, पण १६ चं कोडं त्यातूनही निघालं नाही. पण सापडत नाही म्हणजे नाहीच, असं गणितात चालत नाही.

कामाचा आवाका बघा. ९×९ ची पूर्ण ग्रिडं ६,६७०,९०३,७५२,०२१,०७२,९३६,९६० इतकी आहेत. ही मोजणी फेल्गेनहाउअर आणि जार्विस यांनी २००५ मध्ये केली. सारखी ग्रिडं एकच धरली की उरतात ५,४७,२७,३०,५३८, म्हणजे ५४७ कोटींच्या वर. हा आकडा २००६ मधला, जार्विस आणि रसेल यांचा. त्यातल्या प्रत्येक ग्रिडमधून १६ घरं निवडायच्या रीती सुमारे ३३,६०० लाख कोटी. एकेक तपासत बसलं तर जन्म पुरायचे नाहीत. मॅग्वायर यांच्या गटाने बंदोबस्ताचीच युक्ती वापरली: आधी त्या ग्रिडमधले लहान-लहान अदलाबदलीचे गट काढायचे, मग सगळ्या गटांना शिवतील अशी १६ घरं सापडतात का तेवढंच शोधायचं आणि जी सापडतील त्यांनाच सुडोकू म्हणून सोडवून बघायचं. एकेका ग्रिडला मग सरासरी काही सेकंद पुरले. तरीही एकूण खर्च झाला ७१ लाख कोअर-तास (कोअर म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरमधला गणित करणारा एक भाग). एकाच कोअरचा संगणक लावला असता तर ८१० वर्षं लागली असती. हा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा पुरावा अनेक गणितज्ञांना आवडत नाही. १७ च का, हे तो सांगत नाही. १६ ने होत नाही एवढंच सांगतो. माझं मत असं की पुरावा म्हणून तो पूर्ण आहे, पण समजून घेण्यासारखं त्यात जे आहे ते अदलाबदलीच्या गटांत आहे, आणि ते आपण वर चार घरांत बघितलं. त्यापुढे खोल काही कारण असेलच असं मी धरून चालत नाही.

आता सूत्राचा मोह. एकूण घरांच्या किती टक्के क्लू लागतात हे काढलं तर ४×४ ला २५, ६×६ ला २२.२, ८×८ ला २१.९, ९×९ ला २१. उतरती भांजणी बघून वाटतं की आकार वाढेल तसा टक्का घसरत जाणार. पुढे बघा: १०×१० चा २२, १६×१६ चा २१.५ आणि २५×२५ चा थेट २४ च्या वर. टक्का पुन्हा चढला का? माझ्या मते मुळीच नाही. २५×२५ मध्ये ६२५ घरं आहेत आणि तिथे शोध घेणं इतकं जड जातं की १५१ च्या खाली जायला कुणाच्या यंत्राला दम पुरलेला नाही. तो आकडा आपल्या शोधाची मजल दाखवतो, कोड्याचा स्वभाव दाखवत नाही. त्यामुळे मोठ्या आकारांचे आकडे घेऊन त्यातून वक्र काढायला जाऊ नका. आकाराखेरीज चौकोनाचा घाटही फरक पाडतो. १२×१२ मध्ये ३×४ चे चौकोन घेतले तर ३० क्लूंचा नमुना आहे, २×६ चे लांबट चौकोन घेतले तर ३२ चा.

सूत्राच्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र आहे, ती सुडोकूच्या थोरल्या भावाची. चौकोनांची अट काढून टाकली, फक्त ओळी आणि रकाने ठेवले, की लॅटिन चौरस उरतो. त्याला किमान किती क्लू लागतात याबद्दल अंदाज असा आहे की एकूण घरांना ४ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या. ८×८ पर्यंत तो पडताळला गेलाय. म्हणजे ४×४ ला ४, ६×६ ला ९, ८×८ ला १६. आता सुडोकूचे आकडे शेजारी ठेवा: ४, ८, १४. चौकोनांची अट इतकी मोठी वाटते, पण ४×४ मध्ये ती एकही क्लू वाचवत नाही, ६×६ मध्ये एक वाचवते, ८×८ मध्ये दोन. ९×९ ला लॅटिन चौरसाचा अंदाज २० येतो, सुडोकूचे १७. नववीच्या मुलांना प्रकल्प द्यायचा असेल तर हा विषय छान आहे; ५×५ चा लॅटिन चौरस सहा क्लूंत बांधून दाखवा म्हणावं.

आता सासरे. त्यांना आदराने सांगा की क्लूंची संख्या आणि अवघडपणा यांचा मेळ फारसा बसत नाही. वरच्या १७ च्या कोड्यात सगळे १ कसे पटापट बसले ते त्यांना दाखवा. १७ क्लूंची बरीचशी कोडी अशीच, 'हा अंक या चौकोनात आणखी कुठे जाऊ शकतो?' एवढ्या एकाच प्रश्नावर शेवटपर्यंत सुटतात. उलट फिनलंडच्या आर्तो इंकाला यांचं २०१२ मध्ये 'जगातलं सर्वांत अवघड' म्हणून गाजलेलं कोडं २१ क्लूंचं आहे आणि त्यांचंच २००६ मधलं 'एआय एस्कार्गो' २३ क्लूंचं. दोन्हींत छापलेले अंक जास्त आहेत, पण ते अशा जागी ठेवलेत की पहिला धागाच हाती लागत नाही. अवघडपणा जागांत असतो. सासऱ्यांना ३० क्लूंचं एखादं कोडं द्या ज्यात दोन-तीन ओळींच्या शक्यता एकत्र बघितल्याशिवाय एकही अंक पक्का होत नाही, आणि शेजारी १७ चं हे ठेवा. कुठलं आधी सुटतं ते तेच सांगतील.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. 'यातला एकही क्लू काढता येत नाही' आणि 'याहून कमी क्लूंचं कोडं जगात नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण ग्रिड घ्या, एकेक अंक काढत जा, दर वेळी उत्तर एकच राहतंय का तपासा, आणि जिथे कुठलाही अंक काढला तरी दोन उत्तरं येतात तिथे थांबा. असं केलं तर साधारण २४-२५ च्या आसपास गाडी अडते. त्या कोड्यात आता फालतू क्लू एकही नाही, पण ते १७ च्या जवळपासही नाही. एकही क्लू जास्तीचा नाही आणि तरी क्लू ४०, अशीही ९×९ ची कोडी सापडलेली आहेत. म्हणून कुणी विद्यार्थी 'सर, माझं २३ वर अडकलं, म्हणजे या ग्रिडचं किमान २३' असं म्हणाला तर त्याला सांगा की वेगळ्या क्रमाने काढून बघ. १७ शोधणारे लोक सरळ काढत जात नाहीत. कमी क्लूंचं एखादं कोडं हाताशी घेऊन त्यातले दोन क्लू काढतात, त्या जागी एक नवा कुठे बसतो का ते सगळीकडे लावून बघतात, बसला की पुन्हा दोन काढतात. हे काम संगणकालाच जमतं. हाताने करायला जाऊ नका, वही फाडून टाकाल.

छापायच्या कोड्यात आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे देखणेपणा. जपानच्या निकोली मासिकाने १९८६ पासून दोन नियम पाळले: क्लू ३२ पेक्षा जास्त नाहीत, आणि ग्रिड उलटं फिरवलं तरी भरलेली घरं त्याच जागी दिसली पाहिजेत. पेपरांत दिसणाऱ्या अनेक कोड्यांना ही सममिती तिथूनच आली. पण सममितीची किंमत मोजावी लागते. १८० अंशांत फिरवून सारखं दिसणारं १७ चं कोडं माहितीत नाही, १८ ची आहेत. तिरक्या रेषेवर आरसा धरल्यासारखी सममिती मात्र १७ मध्येही मिळालेली आहे. चारही बाजूंनी, सगळ्या आरशांत सारखं दिसणारं कोडं हवं असेल तर मला माहीत असलेला नमुना २४ क्लूंचा आहे.

नियम वाढवले की किमान संख्या झपाट्याने खाली येते. दोन्ही कर्णांतही १ ते ९ एकदाच यावेत अशी अट घातली की १२ क्लू पुरतात. २०२० मध्ये मिचेल ली यांनी केलेल्या 'मिरॅकल सुडोकू'त तर दोनच अंक दिलेले होते, एक १ आणि एक २. बाकी सगळं नियमांनी पेललं: बुद्धिबळातल्या राजाच्या किंवा घोड्याच्या एका चालीवर तोच अंक यायचा नाही, आणि शेजारच्या घरांत लागोपाठचे अंक यायचे नाहीत. बेरजा दिलेल्या 'किलर' सुडोकूत सुरुवातीला एकही अंक नसतो. तिथे क्लू मोजण्यालाच अर्थ उरत नाही.

तुमच्या अंकासाठी मी काय करेन ते सांगतो. पहिली-दुसरीच्या मुलांना ४×४ मध्ये ६ किंवा ७ क्लू द्या. चारच क्लूंचं कोडं पानाच्या कोपऱ्यात 'याहून कमी जमतं का बघा' म्हणून एकटं छापा आणि आयतांचा पुरावा मागच्या पानावर. ६×६ ला आठ क्लूंचा हट्ट धरू नका; १२ ते १४ क्लू असले की तिसरी-चौथीची मुलं एका तासात दोन-तीन सोडवतात आणि रडकुंडीला येत नाहीत. ९×९ साठी २८ ते ३०, त्यात दर ओळीत निदान एक अंक राहील असं बघा. नियमाने तशी गरज नाही, एका पट्ट्यातल्या तीन ओळींपैकी एक पूर्ण रिकामी चालते. दोन रिकाम्या ठेवल्या तर त्या दोघी जागा बदलतील आणि उत्तर एक राहणार नाही. पण एक रिकामी ओळसुद्धा लहान मुलांना घाबरवते, हा माझ्या वर्गातला अनुभव.

१६×१६ छापायचंच असेल तर शंभरच्या पुढे क्लू द्या. ५५ क्लूंचं १६×१६ माणसाने मजेसाठी सोडवायची गोष्ट नाही. अंक १ ते १६ लिहिण्यापेक्षा १ ते ९ आणि पुढे क, ख, ग अशी अक्षरं घ्या, दोन आकडी अंक लहान घरांत वाचता येत नाहीत. ए-फोर कागदावर अख्खं पान द्या, घर एक सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका.

आणि छापायला देण्याआधी प्रत्येक कोडं कुठल्याही सुडोकू सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकून बघा. उत्तर सापडतं का एवढंच विचारून थांबू नका, दुसरं उत्तर सापडतं का तेही विचारा. बरेच फुकट प्रोग्रॅम पहिलं उत्तर मिळालं की थांबतात. छपाईवाल्याकडून प्रूफ आलं की पुन्हा एकदा तपासा. टाइप करताना एक क्लू गळला तर पानावर काही खटकत नाही, आणि वरच्या त्या ७ सारखा नेमका एखाद्या आयतातला एकुलता क्लू गळला असेल तर अर्ध्या मुलांचं उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळणार नाही.